प्रमाणपत्र, पदविका आणि श्रेयांकांचे खाते



2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार,
पदवीचे पहिले वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्र,
आणि दुसरे वर्ष पूर्ण करणाऱ्याला पदविका देण्याची तरतूद आहे;
त्यामुळे अर्धवट सुटलेले शिक्षण आता वाया गेले असे मानण्याचे कारण उरत नाही.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे श्रेयांक, अर्थात क्रेडिट:
अभ्यासाला लागणाऱ्या वेळेवरून ठरणारे, आणि परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे माप.
2021 मध्ये सुरू झालेल्या ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या डिजिटल पेढीत ते जमा होतात,
सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात,
आणि पुढील पदवीसाठी वापरता येतात.

मात्र, श्रोतेहो, प्रत्येक प्रमाणपत्रामागे श्रेयांक असतातच असे नाही.
केवळ हजेरीबद्दल मिळालेला कागद, छपाई कितीही सुबक असली तरी,
पदवीच्या हिशेबात धरला जात नाही.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या संस्थेत,
किंवा अन्यत्र कोठेही, लहान अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी
श्रेयांक किती आणि ते पेढीत जमा होतात का,
हे विचारून घ्यावे.
होय, श्रेयांकांविषयी आधीच विचारावे.

पेढीतील खाते विद्यार्थ्याला डिजिलॉकरमार्फत उघडता येते.