शेपटीखालचा एक थेंब



कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, दुधाचा दर दहा दिवसांनी. म्हणून गाय व्याल्यानंतरचा पहिला महिना वाया गेला, की चूलच अडते. आज त्याच महिन्याबद्दल बोलायचे आहे.

1 लिटर दुधात 45 ते 50 ग्रॅम साखर असते. ती बनते गाईच्या रक्तातल्या साखरेतून. व्यालेल्या संकरित गाईचे दूध झपाट्याने चढते, भूक मात्र मागे राहते. मग गाय अंगावरची चरबी मोडते, आपण अडचणीत दागिने मोडतो तशी. ती चरबी यकृतात पुरती जळत नाही आणि रक्तात कीटोन साचतात. हाच किटोसिस, पुस्तकात याला कितनबाधा म्हणतात.

रोग उघड झाला की गाय पेंड-भरड्याला तोंड लावत नाही, कडबा मात्र चघळते. ताप नसतो. श्वासाला गोडसर वास येतो, पण तो सगळ्यांच्या नाकाला कळत नाही. खरा घाटा आतल्या आत चालणाऱ्या रोगाचा. गाय उभी, रवंथ चालू, दूध चढत नाही. आणि आपण म्हणतो, बाजारात व्यापाऱ्याने फसवले!

हे आता गोठ्यात कळते. माणसाची साखर तपासतात तसलेच छोटे मीटर, पण पट्टी कीटोनची हवी. साखरेची पट्टी इथे कामाची नाही. व्याल्यापासून तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात तपासा. शेपटी सरळ वर धरून खालच्या बाजूच्या मधल्या शिरेतून थेंब घ्यायचा. पहिल्यांदा पशुवैद्यकाकडून हात बसवून घ्या. पोटावरच्या दुधाच्या शिरेला सुई लावू नका, तिथला आकडा चुकतो. सुई प्रत्येक गाईला नवी. आकडा 1.2 च्या आत असेल तर ठीक. 1.2 किंवा वर गेला तर आतला किटोसिस समजा, 3 च्या पुढे गेला तर डॉक्टरला त्याच दिवशी आणा. प्रोपिलीन ग्लायकॉल पाजतात, पण मात्रा गाईच्या वजनावर ठरते. घाईने पाजलेले औषध फुप्फुसात जाते, हेही ध्यानात असू द्या.

व्याल्यावर दोन-तीन दिवसांत गाय बसली, कान थंड पडले, तर तो दुग्धज्वर. तिथे कॅल्शियम कमी पडलेले असते, ही पट्टी ते दाखवत नाही. पट्टी शोधत बसू नका, डॉक्टर बोलवा. बसलेल्या गाईला काही पाजू नका.

परदेशात ही तपासणी एका मालकाच्या मोठ्या कळपासाठी बसवली. आपल्याकडे कुणाची एक, कुणाच्या दोन. तेव्हा गावालाच कळप धरा. नुकत्याच व्यालेल्या 12 गाईंत तीन-चार वर निघाल्या, तर दोष गाईत नाही, गव्हाणीत आहे. सरकी पेंडीने फॅट लागते हे आपल्याला पाठ आहे. पण दुधातली साखर बनते ती मुख्यतः धान्याच्या पिठूळ भागातून. ज्वारी-मक्याचा भरडा व्यायच्या तीन आठवडे आधी थोडाथोडा सुरू करा. एकदम ओतलात तर पोट आंबेल. आणि भाकड काळात गाय फार लठ्ठ होऊ देऊ नका, तीच आधी पडते.

गवळाऊ किंवा लाल कंधारी गाय दोन-तीन लिटर देत असेल, तर तिच्यासाठी पट्टीवर पैसे घालू नका.

मीटर गावात एकच पुरे. पट्ट्या मात्र टिनाच्या छपराखाली उन्हाळ्यात खराब होतात. गार खोली कोणाच्या घरी आहे, ते आजच्या चहाच्या वेळी गावनिहाय ठरवून घ्या.