जुना सीबी सेट आणि जादा चॅनेलचा मोह

(गणेशोत्सवात औराद येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली, प्रसाद झाला. आता थोडे यंत्राविषयी. परगावी, परदेशी असलेल्या नातेवाइकांनी आणलेले जुने सीबी सेट आपल्याकडे काही घरांत माळ्यावर पडून आहेत. सीबी म्हणजे सिटिझन बँड, सामान्य माणसांनी एकमेकांशी बोलायचा बिनतारी संच. असा सेट हाती आला की पोरांचा प्रश्न ठरलेला: यात चॅनेल वाढवता येतील का?

येतात. अमेरिकेत आधी २३ चॅनेल होते, १ जानेवारी १९७७ पासून ४० झाले. जुन्या सेटमध्ये क्रिस्टलच्या जोड्यांनी चॅनेल तयार होत. एक क्रिस्टल बदलला की काही चॅनेल एकदम सरकतात. पण सरकून जायचे कुठे? आपल्या देशात २००५ पासून विनापरवाना मुभा आहे ती २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झपर्यंत, ५ वॅटची आणि सेटच्याच अँटेनाची. अमेरिकेच्या ४० पैकी पहिले २७ चॅनेल यात बसतात. २८ पासून पुढचे बाहेर. जादा चॅनेल म्हणजे दुसऱ्याच्या शेतात घातलेला नांगर.

दुसरा मोह ताकदीचा. आम्हीही एकदा आतला स्क्रू फिरवून वॅट वाढवायला गेलो आणि शेवटचा ट्रान्झिस्टर जाळून बसलो. नंतर हिशेब कळला. ताकद चौपट केली तरी समोरच्या मीटरवर काटा जेमतेम एक घर सरकतो. त्यापेक्षा वाळलेले कपॅसिटर बदला, गंजलेले बॅटरीचे टोक घासा, घरातले चार्जर आणि इन्व्हर्टर बंद करून ऐका. आणि उंचावर चढा. सपाटीवर न पोचणारा आवाज टेकडीवरून स्पष्ट जातो. हे सगळे कायद्यात बसते आणि फुकटही.

मंडळी, हे आज का सांगतो? ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. आपल्या बिदर जिल्ह्यालाही तो धक्का जाणवला. तिकडे हजारो माणसे गेली. नेहमीची संपर्कसाधने अपुरी पडली, तेव्हा परवानाधारक हौशी रेडिओवाले आपापले संच आणि बॅटऱ्या घेऊन मदतीला धावले. त्यांच्या उपयोगी पडले ते जादा चॅनेल नव्हेत. नीट राखलेला सेट, भरलेली बॅटरी आणि मोजके बोलायची शिस्त.

म्हणून ज्या पोराला खरेच लांब बोलायचे आहे, त्याला सेट उघडून देऊ नका. हौशी रेडिओची परीक्षा द्यायला सांगा. १२ वर्षे पूर्ण झाली की बसता येते, आणि पहिल्या पायरीच्या परवान्याला मोर्सची अट नाही. थोडे विजेचे ज्ञान, थोडे नियम. परवाना मिळाला की २८ मेगाहर्ट्झपासूनचा पट्टा हक्काने खुला, गच्चीवर अँटेना उभारायलाही मोकळीक.

औराद तीन राज्यांच्या कडेला आहे. इथून देगलूर, उदगीर आणि तेलंगणाची गावे हाकेच्या अंतरावर. इथल्या घरात मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू सगळ्या चालतात. संकटाच्या रात्री चारही भाषांत निरोप देऊ शकणारी दोन पोरे या गावात तयार झाली, तर माळ्यावरच्या त्या सेटचे सार्थक झाले असे आम्ही मानू.

गणपती बाप्पा मोरया!