अन्नाचा जमाखर्च

शाळेत गुण जितके अधिक, तितका विद्यार्थी हुशार. वजन उतरविण्याच्या एका प्रसिद्ध पद्धतीत मात्र हिशेब उलटा आहे. तेथे प्रत्येक पदार्थाला गुण असतात, आणि दिवसाकाठी ठरलेल्या गुणांपलीकडे जाऊ नये, असा दंडक असतो. ही पद्धत आपल्या स्वयंपाकघरात कितपत उपयोगी पडेल, ते पाहू.

न्यूयॉर्कच्या जीन निडेच या गृहिणीने १९६३ साली ‘वेट वॉचर्स’ ही संस्था काढली. संस्थेने १९९७ साली अमेरिकेत गुणपद्धती सुरू केली. आरंभीच्या काळातील सूत्र असे : पदार्थातील उष्मांकांना ५० ने भागावे, स्निग्धांशाच्या ग्रॅमांना १२ ने भागून ते त्यात मिळवावे, चोथ्याच्या ग्रॅमांना, फार तर ४ पर्यंत, ५ ने भागून ते वजा करावे. म्हणजे स्निग्धाला दंड आणि चोथ्याला सूट. २०१५ सालच्या सूत्रात साखरेलाही दंड बसला व प्रथिनांना सूट मिळाली.

आता हे गणित रोह्यासमोर, कुंडलिकेच्या पलीकडच्या तीरावर वसलेल्या अष्टमीतील एखाद्या घरी करून पाहू. जेवणास तांदळाची भाकरी आणि माशांचे कालवण आहे. पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीत उष्मांक सुमारे १८०. जुन्या सूत्राने तिचे गुण साडेतीनच्या आसपास. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १४ ग्रॅम. दर ग्रॅमला ९ याप्रमाणे उष्मांक १२६. त्यात स्निग्धांशाचा दंड मिळविला, की गुण साडेतीनहून किंचित अधिकच भरतात. ताटात भाकरी दिसते, तेल दिसत नाही; वहीत मात्र दोन्ही एका मोलाची ठरतात. वजनाच्या धास्तीने घरची गृहिणी एक भाकरी कमी खाते, अर्धपोटी उठते, आणि कढईत तेल मात्र अंदाजाने ओतते. तिच्या कष्टांना यश का येत नाही, याचे उत्तर बहुधा याच चमच्यात असते.

आपल्याकडे साऱ्या घराचे अन्न एकाच भांड्यात शिजते. मग एकाचा वाटा कसा काढावा? तेल व खोबरे घालतानाच मोजावे आणि जेवणारांच्या संख्येने भागावे. चौघांच्या कालवणात चार चमचे तेल पडले, तर प्रत्येकाच्या पोटात एक भाकरी न दिसता गेली, असे समजावे.

तथापि गुण म्हणजे पोषण नव्हे. पुढे या पद्धतीत ताज्या फळांना शून्य गुण मिळाले. पण शून्य गुण म्हणजे शून्य उष्मांक नव्हेत. मधुमेह्याने शून्य पाहून केळ्यांचा फडशा पाडू नये. वाढती मुले, गरोदर स्त्रिया व औषधोपचार चालू असलेले रोगी यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून या भानगडीत पडू नये.

इतरांनी महिनाभर प्रामाणिकपणे हिशेब लिहावा. पुढे वही मिटली तरी कढईतला चमचा डोळ्यांना दिसू लागेल. तेवढे साधले, की वहीचे काम संपले.