परगांवचें घर आणि मृत्युपत्र

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामांत दिलेलें भाषण)



खानदेशांतील आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबें मूळचीं येथलीं नव्हेत. कोणी रेल्वेच्या चाकरीमुळें गोव्याहून, कोणी तामिळ मुलखांतून वा केरळांतून, कोणी नगर भागांतून भुसावळ, जळगांव, धुळ्यास आले. आतां त्यांचीं मुलें पुण्या-मुंबईस आणि दुबईस आहेत. वाडवडिलांचें घर एके ठिकाणीं, आपलें दुसऱ्या, मुलांचें तिसऱ्या. अशा कुटुंबांतील कर्ता मृत्युपत्रावांचून निघून गेला म्हणजे काय होतें, तेवढें मला सांगावयाचें आहे. महोत्सवाच्या दिवशीं मरणाची गोष्ट कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु सारें कुटुंब एकत्र बसलेलें दुसऱ्या कोणत्या दिवशीं सांपडतें?

“माझ्यामागें सर्व बायकोचेंच आहे,” ही समजूत घरोघर आहे. ती खरी नव्हे. आपणांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास त्याप्रमाणें पत्नीस एक तृतीयांश मिळतें. उरलेलें मुलगे व मुली यांत सारखें वांटलें जातें. समजा, नवऱ्याच्या नांवावर ३० लाखांचें घर आहे व चार मुलें आहेत. जिनें पोटाला चिमटा घेऊन त्या घराचे हप्ते फेडले, तिचे १० लाख. प्रत्येक मुलाचे ५. घर विकावयाचें तर पांच सह्या पाहिजेत. दुबईच्या मुलानें वकिलातींत जाऊन मुखत्यारपत्र करून पाठवावें, तोंपर्यंत गिऱ्हाईक निघून जातें. आणि एकाचें मन फिरलें, तर म्हातारी स्वतःच्याच घरांत आश्रितासारखी बसते.

मूलबाळ नसलें तर याहून कठीण. मग पत्नीस निम्मेंच. दुसरें निम्में नवऱ्याच्या बापाकडे, तो नसल्यास आई व भावंडें यांकडे जातें. ज्या दिरांनीं तीस वर्षांत भुसावळचें स्टेशन पाहिलें नाहीं, ते वारस म्हणून उभे राहतात. त्यांस मी दोष देत नाहीं. कायद्यानेंच त्यांस बोलाविलें आहे.

हुंडा दिला म्हणजे मुलीचा वाटा संपला, असें समजणाऱ्या केरळी बांधवांनीं मेरी रॉय यांचा खटला आठवावा. त्रावणकोरचा जुना कायदा १९५१ पासूनच संपला, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं ठरविलें. गोमंतकीयांनीं अधिक सावध असावें. ज्याचा अधिवास गोव्याचा ठरेल, त्याच्या गोव्याबाहेरील मिळकतीसही तेथलाच कायदा लागू, असा निकाल २०१९ सालीं झाला. आणि त्या कायद्यानें मुलें असतां निम्म्याहून अधिक मिळकत मृत्युपत्रानें मनास येईल त्यास देतां येत नाहीं. तेव्हां आपला अधिवास कोठला, हें वकिलास विचारूनच लिहावें. आदिवासी बांधवांच्या जमिनींचे नियम निराळे. तो विषय आज घेत नाहीं.

मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाहीं, नोंदणी सक्तीची नाहीं (केलेली बरी), आणि २००२ च्या दुरुस्तीपासून आपणांस प्रोबेटचीही सक्ती राहिली नाहीं. दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी; त्यांनीं तुमच्यासमक्ष करावी. ज्यास कांहीं मिळावयाचें आहे त्यानें, अथवा त्याच्या पतीनें वा पत्नीनें, साक्ष घालूं नये. सूनबाई कौतुकानें सही करते आणि नवऱ्याचा वाटा घालवून बसते! विधुरानें पुन्हा लग्न केल्यास पूर्वीचें मृत्युपत्र आपोआप रद्द होतें, हेंही पुष्कळांस ठाऊक नसतें. बँकेंत नॉमिनीचें नांव घातलें म्हणजे काम झालें, हें बँकेच्या खिडकीपुरतेंच खरें. पैसे त्याच्या हातीं पडतात, मालकी वारसांची राहते.

आतां देवळाविषयीं. जवळचे नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसानें धर्मादायास मिळकत ठेवावयाची तर मृत्युपत्र मरणापूर्वीं निदान बारा महिने झालेलें असावें, असें एक कलम होतें. केरळच्या एका धर्मगुरूच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं तें रद्द केलें. योग्यच झालें. तथापि पत्नीच्या डोक्यावरील छपराची तजवीज केल्यावांचून देवळाच्या नांवें एक पैसाही लिहूं नका. तसा कागद माझ्यापुढें आला, तर मी तो परत करीन.