‘नैसर्गिक’ या शब्दापलीकडे
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त तलवाडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगी एका कापड दुकानदाराने त्वचेच्या निगेवर बोलावे, याचे काहींना आश्चर्य वाटेल. मी वैद्य नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर कापड मोजलेला व्यापारी आहे. परंतु वस्तूचे नाव आणि वस्तूचा गुण यांतील अंतर ओळखणे हाच व्यापाऱ्याचा खरा अभ्यास असतो. ‘प्युअर सिल्क’ म्हणून आलेली प्रत्येक साडी रेशमाची नसते. शंका आली की आम्ही एक धागा काढून जाळतो. सुताचा धागा कागदासारखा जळून त्याची राख होते, रेशमास केस जळल्याचा वास येतो आणि पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गाठ बनते. क्रीमच्या डबीची अशी परीक्षा घरी करता येत नाही. तेथे वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचणे हीच परीक्षा, आणि नेमकी तीच आपण टाळतो.

आज बाजारात ‘नैसर्गिक’, ‘हर्बल’, ‘केमिकलविरहित’ या शब्दांची रेलचेल आहे. हे शब्द कानास गोड लागतात. पण त्यांतून काहीच सिद्ध होत नाही. मीठ, चुना, सोडा हीदेखील रसायनेच आहेत आणि आपण ती निर्धास्तपणे वापरतो. उलट पारा हा निसर्गातच, हिंगुळाच्या रूपाने खाणीत सापडतो. म्हणून तो चेहऱ्यास लावण्याजोगा ठरत नाही.

पाऱ्याचे नाव मी मुद्दाम घेतले. आपल्याच महाराष्ट्रात, अकोल्यात घडलेली घटना २०२३ च्या जानेवारीत वृत्तपत्रांतून आली होती. एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण अशा एकाच घरातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला. तिघींच्या वापरात एकच समान वस्तू होती, ती म्हणजे स्थानिक ब्यूटी पार्लरमधून घेतलेली उजळपणाची क्रीम. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या प्रकरणाचा शोध घेतला गेला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा आढळला. हा प्रकार एका गावापुरता नाही. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडातून प्रथिने गळण्याच्या विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांचा विकार एका विशिष्ट प्रकारचा होता आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाच्या क्रीम वापरत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही. म्हणून चेहरा उजळतो आणि क्रीम ‘गुणकारी’ वाटते. परंतु तो त्वचेवाटे रक्तात शिरतो व मूत्रपिंडात साठत जातो. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे, तर जमा आरशात दिसते आणि खर्च आत लिहिला जातो. आपल्या देशाच्या सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारादेखील दहा लाख भागांत एक भाग, म्हणजे एका किलोत एक मिलिग्रॅम, यापेक्षा अधिक असता कामा नये. कायदा आहे, पण नाव-पत्त्याविना विकल्या जाणाऱ्या डबीला कायदा कोठून ठाऊक असणार?

म्हणून भगिनींनो, खरेदी करताना काही गोष्टी अवश्य पाहाव्यात. डबीवर उत्पादकाचे नाव व पूर्ण पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत छापलेली आहे काय? घटकांची यादी आहे काय? एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावयाचे असतात. कोरफडीचे मोठे चित्र दर्शनी भागावर असून तिचे नाव यादीच्या शेवटी आढळले, तर काय समजायचे ते आपण समजावे. कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक असे शब्द दिसले की ती वस्तू परत ठेवावी. ‘सोने, चांदी वा दागिन्यांस लागू देऊ नये’ अशी सूचना असेल, तर तेही पाऱ्याचे लक्षण असू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले आहे. जी वस्तू सोन्यास सोसत नाही, ती लेकीच्या गालास कशी सोसावी? तसेच स्टिरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून गोरेपणासाठी कदापि वापरू नयेत. त्यांनी त्वचा पातळ होते, लाली येते आणि चेहऱ्यावर लव वाढते.

आता आपल्या धर्मसंस्कारांशी निगडित असा दुसरा प्रश्न. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘अहिंसक’ नव्हे. मध आणि मधमाश्यांचे मेण नैसर्गिकच आहेत. लिपस्टिकच्या लाल रंगातील कार्माइन हे कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात; यादीत ते सी.आय. ७५४७० या क्रमांकाने लपलेले असते. साबणातील सोडियम टॅलोएट म्हणजे प्राण्यांची चरबी आणि लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतील मेण. खाद्यपदार्थांवर आपण हिरवे चिन्ह पाहतो. प्रसाधनांवर मात्र ते सर्वत्र आढळेल अशी खात्री बाळगता येत नाही. म्हणून येथेही यादी वाचण्यास पर्याय नाही. या कामी पुण्याच्या ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ या संस्थेने १९७४ पासून केलेली जनजागृती मोलाची आहे. प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास भारताने २०१४ साली बंदी घातली, हेही आनंदाने नोंदवावेसे वाटते.

घरगुती वस्तूंबाबतही तारतम्य हवे. हळकुंड आणून घरी दळलेली हळद, मसुराचे पीठ, खोबरेल तेल, शिकेकाई, रिठा या आजीच्या वस्तू आजही उत्तम आहेत. तथापि लिंबाचा रस चोळून बीड जिल्ह्याच्या उन्हात हिंडल्यास त्वचा भाजून काळे डाग पडतात, आणि लिंबू तर पूर्ण नैसर्गिक! ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या मेंदीत बहुधा केस रंगवण्याचे रसायन मिसळलेले असते व त्याने फोड येतात. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस असतो. कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतील बाजूस थोडी लावून दोन दिवस वाट पाहावी. अपाय झाल्यास डबी फेकून देऊ नये. ती घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवावी.

शेवटी एक नाजूक गोष्ट वडीलकीच्या नात्याने सांगतो. अशा डब्या घरात येतात त्या बहुधा मुलीच्या लग्नाच्या वेळी. ‘फेअर अँड लव्हली’ या १९७५ पासूनच्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये गेला. पण आपल्या वधू-वर परिचय पुस्तिकांतून ‘गोरी’ हा शब्द गेला आहे काय? जोवर आपण मुलाकडचे म्हणून रंग विचारतो, तोवर कोठल्यातरी घरात एखादी मुलगी गुपचूप ती डबी उघडणारच. कीटकाच्या जिवाचीही काळजी वाहणाऱ्या समाजाने स्वतःच्या लेकीच्या मूत्रपिंडाची काळजी वाहू नये, हे शोभणारे नाही.

माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे की, सुवर्णमहोत्सवी वर्षाची आठवण म्हणून आपल्या परिचय पुस्तिकेच्या अर्जातून ‘वर्ण’ हा रकाना असल्यास तो काढून टाकावा. त्यास एक पैसाही खर्च नाही. आणि महिला मंडळाने एका दुपारी आपापल्या घरातील डब्या एकत्र आणून त्यांवरील याद्या मिळून वाचाव्यात. वाचण्यास मुलींना पुढे करावे, कारण ती बारीक इंग्रजी अक्षरे त्यांनाच लवकर उमगतील.