नदीला तिची जागा

नगराला नदी लाभणे हे भाग्य खरे. पण त्या भाग्याशी वागावे कसे, याचा विचार आपण क्वचितच करतो. माझा व्यवसाय मोकळ्या जागांची रचना करण्याचा. ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ या नावाला मराठीत सर्वांच्या तोंडी रुळलेला शब्द नाही. त्यामुळे फुलझाडे लावणारा गृहस्थ एवढीच आमची ओळख पुष्कळांच्या मनात असते. नदीकाठी लोकांसाठी जागा आखायची, तर फुलझाडे सर्वांत शेवटी येतात. पहिला प्रश्न एकच: नदी कोठवर येते?

मी अनगोळचा. बळ्ळारी नाल्याचे पाणी तुंबले म्हणजे भातशेतीचे काय होते, हे आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. पाण्याची वाट अडविली, तर ते दुसऱ्याच्या शेतात शिरते, हा धडा मी शिवारातच शिकलो.

कृष्णाकाठच्या एका गावी काठ सुशोभित करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मंडळींच्या डोळ्यांसमोर अहमदाबादचा साबरमतीकाठ होता. काठावर उंच सरळ भिंत, वर फरसबंदी आणि दिव्यांची रांग, अशी त्यांची अपेक्षा. साबरमतीकाठ 2012 साली लोकांना खुला झाला. त्याची शोभा मी नाकारीत नाही. पण तेथे दिसणारे पाणी बव्हंशी नर्मदेच्या कालव्यातून आणलेले आहे. आपल्या नद्या सह्याद्रीचा पाऊस घेऊन येतात. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे. 2019 साली पाणी 55 फुटांवर गेले. अशा नदीला भिंतीने आवळले, तर समोरच्या काठावरील उसाची काय गत होईल?

पुण्यातही हाच वाद आहे. मुळा-मुठेच्या सुमारे 44 किलोमीटर काठाच्या योजनेची कोनशिला 2022 साली बसली. त्यानंतर झाडांसाठी आणि पात्राच्या रुंदीसाठी नागरिक रस्त्यावर उतरले. कोणाला तो विकासाला विरोध वाटला; मला तो नदीच्या जागेविषयीचा प्रश्न वाटतो.

मी त्या मंडळींना नृसिंहवाडीचे उदाहरण दिले. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील तो घाट पावसाळ्यात पाण्याखाली जातो. मंदिरात पाणी शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी लोकांची झुंबड उडते. उत्सवमूर्ती आधीच वर हलविलेली असते. पूर येणारच हे गृहीत धरून वास्तू आणि रिवाज दोन्ही घडले आहेत. याहून शहाणी रचना मी कोणत्या पुस्तकात वाचावी?

अखेर आम्ही काठ तीन टप्प्यांत आखला. खाली दगडी पायऱ्या: धुणे, स्नान, विसर्जन यांसाठी. मध्ये गवताची उतरती जमीन. तिच्यावर वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर, अगदी कडेला शेरणीची झुडुपे. या झाडांची मुळे माती धरून ठेवतात आणि काही दिवस पाण्यात उभे राहण्याची त्यांना सवय असते. बाके, दिवे आणि मुलांची खेळणी पूररेषेच्या वर नेली. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा नकाशावर असते. ती जमिनीवर दगड रोवून दाखवावी, असा आग्रह मी धरला.

या पद्धतीला किंमत नाही असे नव्हे. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचा थर बसतो, आणि तो दर वर्षी उपसावा लागतो. उद्घाटनाच्या छायाचित्रात गवताचा उतार भिंतीइतका भव्यही दिसत नाही. परंतु गाळ फावड्याने निघतो; समोरच्या शेतकऱ्याचे वाहून गेलेले पीक कशानेही परत येत नाही.

नदीकाठ हा नदी आणि नगर यांच्यामधला समाईक बांध आहे. आठ महिने तो आपण वापरावा, चार महिने तिला द्यावा. एवढा व्यवहार सांभाळला, तर शोभा आपोआप येते.