सड्यावरची वसाहत आणि पायथ्याची झर

(संघटनेच्या मेळाव्यात फोंडा तालुक्यातील एका गावच्या रहिवाशांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला बोलण्यासाठी पंधरा मिनिटे दिली आहेत. आम्ही वक्ते नव्हे. आमच्यात दोघे कुळागरवाले आहेत, एक निवृत्त शिक्षक, एक टेम्पो चालवणारा आणि महिला मंडळाच्या दोघी. गावाचे आणि प्रकल्पवाल्यांचे नाव आम्ही मुद्दाम घेत नाही. प्रकरण अजून अर्जांच्या टेबलावर आहे. शिवाय तुमच्यातल्या पुष्कळांना ऐकता ऐकता हे आपल्याच गावाचे वाटेल, याची आम्हाला खात्री आहे.

आमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे. वर सपाट कातळ, त्यावर पावसाळ्यात गवत आणि गुरे. उतारावर काजू, रान, मधेच जुने आंबे. पायथ्याला झर, झरीखाली देवळाची तळी, तळीतून निघालेला पाट आणि पाटाच्या दोन्ही अंगांना कुळागरे. माडत, केळी, मिरवेली, सगळे त्या पाटावर. तिथून पाणी ओहोळाला आणि ओहोळ पुढे मांडवीला. फोंडा तालुक्यात राहणाऱ्याला हे चित्र वेगळे सांगायला नको.

आता या सड्याच्या उतारावर वसाहत येणार आहे. बंगले, प्रत्येक बंगल्याला पोहण्याचा तलाव, वर जायला नवा रुंद रस्ता. जाहिरातीत लिहिले आहे, 'निसर्गाच्या कुशीत'. घेणारे बहुतेक वर्षातून पंधरा-वीस दिवस येणारे. आमचा राग त्यांच्यावर नाही. गोव्यात घर घ्यावेसे वाटणे हा गुन्हा नव्हे, आणि आमचीही मुले पुण्या-मुंबईत, आखातात घरे करून राहिलीच आहेत. आमचा प्रश्न पाण्याचा आहे.

प्रकल्पाचा माणूस गावात आला तेव्हा म्हणाला, "वर तर नुसता दगड आहे, तिथे काय पिकते?" त्याचे म्हणणे खरे आहे, वर काही पिकत नाही. पण तो दगड जांभा आहे. चिरा फोडून पाहा, आतून भोकाभोकांचा. पावसाचे पाणी त्या भोकांतून, भेगांतून खाली उतरते. खाली पांढुरकी चिकणमाती लागते. आमचे विहीर खणणारे तिला शेडी म्हणतात. तिच्यातून पाणी सहज जात नाही, म्हणून ते आडवे सरकते आणि जिथे डोंगराचा पाय उघडा पडतो तिथे झर होऊन बाहेर येते. आषाढात पडलेले पाणी आम्ही वैशाखात पितो ते असे.

आमच्यातल्या शिक्षकांनी फळ्यावर हिशेब मांडून दाखवला. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एक हेक्टर जमिनीवर तीन कोटी लिटर पाणी. ते सगळे काही आत मुरत नाही. बरेच वाहून जाते, काही सुकते. पण त्या हेक्टरवर छप्पर, फरशी आणि डांबर घातले की मुरणारा वाटा जवळजवळ संपतो आणि वाहणारा वाढतो. म्हणजे पावसाळ्यात पाट फुटणार आणि उन्हाळ्यात तोच पाट कोरडा पडणार. एकाच कामाचे हे दोन परिणाम आहेत, हे समजायला आम्हालाही वेळ लागला.

त्यात उतार कापायचा. रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापला की जी शेडी पाणी धरून ठेवते तीच उघडी पडते. मग पाणी झरीला न येता कापलेल्या भिंतीतून गळून जाते आणि भिंतही सैल होते. २०१४ साली माळीण गावात डोंगर कोसळून दीडशेच्या आसपास माणसे गेली, त्याचे फोटो ग्रामसभेत दाखवा असे काही तरुण म्हणत होते. आम्ही नको म्हटले. आमचा डोंगर तेवढा उंच नाही आणि भीती घालून लोक जमवलेले टिकत नाहीत. पाटाचे पाणी आटणे हे आमच्या लोकांना पुरेसे कळते.

आणि सांडपाणी? सगळ्यांचे सेप्टिक टँक झरीच्या वर येणार. जांभा पाणी आत घेतो तेव्हा ते पावसाचे आहे की संडासाचे, हे विचारत नाही.

"आम्ही पावसाचे पाणी साठवू" असे त्यांनी लिहून दिले आहे. चांगले आहे. पण ते साठणार त्यांच्या टाकीत. आमच्या झरीला त्यातले किती येणार, हा प्रश्न आम्ही लेखी विचारला. उत्तर आलेले नाही. बोअरवेल मारणार का, हेही विचारले. गोव्यात भूजल नियमन कायदा २००२ सालापासून आहे, विहीर किंवा बोअर मारायला परवानगी लागते. तेवढेच विचारले होते.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण तुमच्याही गावात उपयोगी पडेल. नगर व ग्राम नियोजन कायद्यात १७अ हे कलम १९९७ साली आले. डोंगर कापायचा किंवा सखल जमीन बुजवायची तर आधी लेखी परवानगी हवी. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये पंचवीस टक्क्यांहून तीव्र उतार बांधकामाला वर्ज्य धरले. एवढे असताना वसाहती येतात कशा? तर मागच्या दाराने. २०१८ साली १६ब आले, २०२३ साली १७(२) आले. आराखड्यातली 'चूक' दुरुस्त करायची, असे म्हणत एकेका मालकाची जमीन वेगळी काढून तिचा झोन बदलायचा. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. पण त्याआधीच २०२४ मध्ये ३९अ आणून ठेवले होते. आणखी एक युक्ती लक्षात ठेवा. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण दाखला लागतो. म्हणून प्रकल्पाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत. आमच्याकडेही अर्ज एक नाही, वेगवेगळ्या नावांनी अनेक आहेत, पण वर जाणारा रस्ता मात्र सगळ्यांचा एकच आहे. ही गोष्ट आमच्या टेम्पोवाल्या भावाने नकाशे शेजारी शेजारी ठेवल्यावर पकडली, कोणा तज्ज्ञाने नव्हे.

पंचायतीत आम्हाला विचारले गेले, "तुमच्याने काय होणार?" आमच्याच तालुक्यात केरीचे भूतखांब पठार आहे. नायलॉन ६,६ चा कारखाना तिथे येणार होता. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक गेला. कारखाना गोव्यात झाला नाही. पुढे त्याच पठारावर सेझ आला, तोही लोकांनी टिकू दिला नाही. २००६ मध्ये अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या रेट्यामुळे २००७ च्या आरंभी मागे घ्यावा लागला. त्या मोर्च्यांत आमच्यातले काही होते. तेव्हा केस काळे होते एवढाच फरक.

आता एक अवघड गोष्ट. जमीन विकली ती आमच्यातल्याच काहींनी. आज ते या सभेला आलेले नाहीत, त्यांना बोलावले होते. त्यांना गद्दार म्हणायला आम्ही तयार नाही. सुपारी काढायला पाडेली मिळत नाही, माकडे नारळ ठेवत नाहीत, भावाभावांच्या वाटण्या मामलेदार कचेरीत वर्षानुवर्षे पडून. अशा माणसासमोर कोणी एकरकमी पैसे ठेवले तर तो काय करील? कुळागर राखणाऱ्याच्या हातात चार पैसे राहतील असे काही झाले नाही, तर झर वाचवूनही तिच्या पाण्यावर पिकवणारा कोणी उरणार नाही. संघटनेने या विषयावर वेगळी बैठक घ्यावी, ही आमची विनंती आहे.

आणि भाषेचे. प्रकल्पाचे सगळे कागद इंग्रजीत आले. चाळीस-पन्नास पानांचा अहवाल, आणि हरकतीला मुदत दिवसांत मोजलेली. आमच्या गावात घरोघर मराठी वर्तमानपत्र येते. देवळातले कीर्तन मराठीत आणि पंचायतीला दिलेला अर्जही मराठीत. १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराची तरतूद आहे. तिचा अर्थ नुसता सत्कार आणि संमेलने एवढाच असेल तर ती काय कामाची? ज्याच्या झरीवर गदा येते त्याला ती कशी येते हे त्याच्या वाचनाच्या भाषेत कळले पाहिजे. मराठी प्रत मागितली तर कार्यालयातला माणूस हसला. शेवटी आमच्या गावच्या दोन कॉलेजकुमारींनी रात्री जागून भाषांतर केले. ते वाचल्यावर ग्रामसभेला पहिल्यांदाच मागे उभे राहायला जागा उरली नाही.

आम्ही एक वही घातली आहे. दर रविवारी सकाळी झरीखाली तीच एक तांब्याची कळशी धरायची आणि भरायला किती सेकंद लागले ते तारखेसह लिहायचे. पाळी लावली आहे, घरटी एक. या वहीवरून आजच काही सिद्ध होते असे आम्ही म्हणत नाही. अजून दोन उन्हाळे तरी जायला हवेत. पण उद्या कोणी म्हणाले की झर आधीपासूनच आटत होती, तर आमच्याकडे उत्तर असेल.

आम्हाला संघटनेकडून तीन गोष्टी हव्यात. भूजलाचे काम जाणणारा कोणी अभ्यासक, जो सडा चालून पाहील आणि आमच्या विरुद्ध गेले तरी खरे तेच लिहील. मराठीत भाषांतर करणारे चार जण, कारण त्या मुलींच्या परीक्षा जवळ आल्या आहेत. आणि पुढच्या ग्रामसभेला शेजारच्या गावांतले लोक. ग्रामसभेत मत आमचेच, पण बाहेर अंगणात कोण उभे आहे ते आतल्या पंचांना दिसते.

ग्रामसभा रविवारी साडेदहाला आहे. लवकर आलात तर आधी झरीवर नेऊ, त्या दिवशी कळशीची पाळी आमच्याच घराची आहे.